संयोगिताच्या पोटाची हकीकत

२३ नोव्हेंबर, रविवार

विजू, पाकिटावरचं अक्षर बघून फाडू नकोस. चौथीतलं हाय, वेलांट्या वाकड्या हाईत, पण हात अजून शाबूत हाय. तू फोनचा नंबर बदललास म्हणून पत्ता तुझ्या अण्णामामाकडनं घेतला. ऊस घालायला तो सीमेपल्याड तू नोकरीला हाईस त्या कारखान्यावर येतोच की. आधी देईना. म्हटलं, अण्णा, पाठचा भाऊ म्हणून सांगते, पत्ता दे, न्हायतर तुझ्या ट्रॅक्टरच्या टायरी विळ्यानं फाडते. दिला मग.

लई आनंदाची बातमी हाय. तुझ्या बायकोच्या पोटाचं आपरेशन ठरलं. १८ डिसेंबरला, कोल्हापुरात. दूध संस्थेत संगणकावर बसून तिनं तिच्या पगारातनं जमवलंय, तुला कुणी काही मागत न्हाय. डॉक्टरीणबाईनं मला कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाला म्हणं मासाचे दोन पट्टे असत्यात, उभे, दाराच्या दोन फळ्यांसारखे. जुळ्यांच्या येळंला संयोगिताच्या फळ्या उघडल्या आणि नंतर जे झालं त्यानं त्या मिटल्याच न्हाईत. फटीतनं आतडं बाहेर बघतंय, बेंबीपाशी लिंबाएवढं. आता फळ्या वढून शिवायच्या, लोंबणारं कातडं कापून टाकायचं, बेंबी नव्या जागी बसवायची. मी म्हटलं, बाई, कापलेलं कातडं टाकू नका, माझ्या गालाला लावा. ती हसली. चांगली हाय बिचारी, पण बारीक हाय, जेवत नसंल.

तयारी जोरात चाललीया. बीट खायचं, मेथी खायची, रक्त वाढवायचं. आणि मिश्री बंद. तंबाखूनं जखम भरत न्हाय म्हणं. संयोगिता मिश्री लावती हे तुला ठाऊक नसंल, तू गेल्यावर लागली ती. एकटीला सोडायला जड जाईल म्हणून मीबी सोडली. पंचावन्न वर्सांची मिश्री. आज अकरावा दिवस. विजू, मला माणसं मारावीशी वाटत्यात. परवा कोंबडी चुलीपाशी आली म्हणून खराटा भिरकावला तर ती जागेवर गेली. रस्सा केला. काल संयोगितानं जेवतानाच ताट भिंतीला हाणलं, कारण काय न्हाय. मग मैथिली म्हणली, आज्जी, आता तुझी पाळी. मी माझं हाणलं. आदर्शनं त्याचं हाणलं. चौघं हसून हसून लोळलो. पोरं पाच वर्सांची झाली की रं. एकाला मारलं की दुसरं रडतंय, असली जुळी.

आता कामाचं. तू तिला पखाल म्हणायचास, पाणी भरायची कातडी पिशवी. सगळ्यांत म्हणायचास, हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांत बी. तर आता पखाल ऱ्हाणार न्हाय. सपाट पोट. मग तुझी तक्रार काय राहिली? कोर्टाची तारीख २० जानेवारी हाय. त्याच्या आधी येऊन बघ. सोडचिठ्ठीची गरजच पडायची न्हाय, तिचं मन मी वळवते.

तिच्या वकिलानं लिवलंय की तू लाथा मारल्यास. तुझ्या वकिलानं लिवलंय की म्हशीनं मारली, आणि बाई खोटारडी हाय, पोरं आम्हाला द्या. दोन्ही वकील माझ्याकडं डोळं लावून बसल्यात. त्या दिवशी गोठ्यात तिसरं माणूस मीच हुते. मी काय सांगणार हे अजून कुणाला बोलले न्हाय. तू घरी आलास तर बोलायलाच लागणार न्हाय, ह्या विचारानं मला सकाळपासनं दोनदा गाणं म्हणावंसं वाटलं.

आई

१७ डिसेंबर

तुझं उत्तर न्हाय. अण्णाकडनं निरोप तेवढा पोचला, "आईनं म्हशीचंच सांगायचं." बरं. आईला तब्येत बिब्येत इचारायची रीत हुती आपल्यात.

दवाखान्यात खाटंवर बसून लिवतीया. उद्या सकाळी आत नेणार. पोरं शेजारच्या अक्काकडं ठेवल्यात. जाताना आदर्शनं तिच्या नातवाला चावून रक्त काढलं, तिनं वर आम्हालाच वाटंला लाडू दिलं. माणूस लई मोठ्या मनाचं.

आज डॉक्टरीणबाईनं संयोगिताला उभं केलं आणि निळ्या पेनानं पोटावर रेघा मारल्या. शिंपी कापडावर मारतो तशा, इथनं कापायचं, इथं जोडायचं. मी बघतच राहिले. त्या पोटाकडं तीन वर्सांत मी असं समोरनं बघितलंच न्हवतं. आंघोळीला पाणी काढून द्यायचे तवाबी तोंड फिरवायचे.

मग फाईल भरताना बाई म्हणली, "पोटाला कधी मार लागलेला?"

संयोगिता माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हटलं, "म्हशीनं लाथ मारलीती. तीन वर्सं झाली."

"जुन्या कागदावर दोन लाथा लिहिल्यात, आजी. एकाच जागी दोनदा?"

"चंद्री लई नेमाची म्हस हुती."

बाईनं लिवलं. संयोगितानं मान वळवून भिंतीकडं केली. विजू, त्या चंद्रीला आपण लाथाडी म्हणून विकली, आठवतंय का? व्यापारी दावं धरून वढत हुता आणि ती मागं वळून मला हंबरत हुती. तिनं जन्मात कुणाला शेपटीचा फटकाबी दिला न्हवता. जाऊ दे. आज असलं कशाला आठवायचं.

संयोगिताला उद्यापातूर पाणीबी न्हाय. मीबी प्यायले न्हाय, उगंच.

आई

२२ डिसेंबर

झालं झालं झालं. चार तास लागलं. मी भाईर बसून एका माणसाशी भांडले, तो जोरजोरात फोनवर बोलत हुता. त्याला म्हटलं, पावणं, आत माझी सून कापलीया, तुमचा आवाज कापू का? मग तोच माझ्यासाठी चहा घेऊन आला.

पावणेदोन किलो कातडं आणि चरबी निघाली. ह्या कमरेपासनं त्या कमरेपातूर आडवी शिवण हाय, एवढी बारीक की आपल्या गावचा शिंपी बघून रडंल. बेंबी नवी, कवळ्या पोरीसारखी. दोन बाजूंनी दोन नळ्या बाहेर काढल्यात, टोकाला रबराचे फुगे, त्यात आतलं लाल पाणी साठतंय. सकाळ-संध्याकाळ मी फुगा मोकळा करते, किती निघालं ते बघते. पहिल्या दिवशी रक्तच हुतं, आता कोकमाच्या सारासारखं दिसतंय. वरनं पट्टा करकचून. बाळंतिणीचं पोट मी जुन्या लुगड्यानं बांधायचे की, तसंच, फक्त ह्याला चेन हाय.

आणि सरळ उभं ऱ्हायचं न्हाय. पंधरा दिवस वाकूनच चालायचं, न्हायतर शिवण तुटंल. झोपतानाबी पाठीला उशा, गुडघ्याखाली उशा. बघून वाटतंय, शंभर वर्सांची म्हातारी झाली पोर. पण पट्ट्याखाली पोट सपाट हाय रं विजू. हात फिरवून बघितलं मी. पाटीसारखं.

काल घरी आलो. गाडीवाल्यानं गारगोटीच्या रस्त्याला एक खड्डा चुकवला न्हाय. ती कळवळली तशी मागनं त्याच्या टाळक्यात पिशवी हाणली. पिशवीत नारळ हुता. पुढचा रस्ता त्यानं पालखी नेल्यागत नेला.

तर आता ऐक. २७ तारखेला शनिवार हाय, तुझी सुट्टी. त्या दिवशी ये. २९ ला नळ्या काढायला जायचंय, त्याच्या आधी तिला बघ. चार वाजता ये, पोरं खेळून आलेली असत्यात. तिला मी आधी सांगणार न्हाय, न्हायतर उगं हट्ट करंल. हे पत्र अण्णाच्या हातनंच पाठवते, उद्याच मिळंल.

आई

२५ डिसेंबर

विजू, येऊ नकोस.

कसं लिवायचं कळंना, पण लिवते. संयोगिताला दिवसभर पडून कटाळा येतोय. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, खोकायचं न्हाय, शिंकायचं न्हाय, हसायचं न्हाय, आलंच तर पोटावर उशी दाबून धरायची. आणि मी तर तुला ठाऊक हाय, माझं तोंड कुठं बंद असतंय. काल ती म्हणत हुती, "आत्ती, हसवू नका, टाके वढत्यात." मी सांगतच राहिले.

तुझ्या बाबांची गोष्ट काढली. ताकाच्या रवीची. तू लहानपणी मांडीवर बसून ती परत परत सांगायला लावायचास. लग्नाला वरीस झालं न्हवतं, ताक पातळ झालं म्हणून त्यांनी रवी फेकून मारली, माझं पुढचं दोन दात पडले. दोन्ही दात उचलले, धुतले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाकरीत थापून भाजले. गणपतराव पाटील जेवायला बसले, कचकन घास चावला, आणि त्यांचाच एक दात तुटला. इथं सगळी हसत्यात. लग्नात सांगितली, बारशाला सांगितली, माणसं जमिनीवर लोळल्यात. तू तर टाळ्या वाजवायचास.

संयोगिता हसली न्हाय. उशी पोटावर दाबून, ओठ मिटून आढ्याकडं बघत राहिली. मला वाटलं टाके वढत असतील. मग ती म्हणली, "मग काय झालं?"

मी म्हटलं, "मग म्हंजी?"

"त्यांचा दात तुटल्यावर. त्यांनी काय केलं?"

विजू, पन्नास वर्सांत हे कुणी इचारलेलं न्हाय. तिथपातूर सगळी हसतच असायची, आणि मीबी त्यांच्यात. गोष्ट तिथं संपायची.

मग हे झालं की त्यांनी ताट सारलं, हात धुतले, मला केसाला धरून परड्यात नेलं आणि पोटात मारलं. पायानं. मला पाचवा महिना हुता. ते पोर राहिलं न्हाय. तुझ्या आधीचं. सासूबाईंनी शेजारी सांगितलं, विहिरीच्या पायरीवरनं पडली.

हे मी संयोगिताला सांगितलं. ती म्हणली, "आत्ती, फुगा भरलाय."

मी फुगा मोकळा करत बसले आणि ध्यानात आलं, तुला मी मांडीवर बसवून काय शिकवत हुते. बाईला मारलं की माणसं हसत्यात, एवढंच की.

तीन वर्सांमागं त्या दिवशी मी गोठ्यात धारेला बसलेते. चंद्रीच्या पोटाखालनं मला तुझं बूट दिसलं आणि शेण भरायला वाकलेली संयोगिता दिसली. पहिली लाथ बसली तवा ती बसली. दुसरी तू नेम धरून मारलीस. मी आचळ सोडलं न्हाय. किटली भरंपातूर धार काढली.

येऊ नकोस. आधीचं पत्र जाळ. अण्णा आज न्हाय, म्हणून हे पोस्टात टाकते, देव करो आणि येळंवर पोचो.

आई

२ जानेवारी

पोचलं न्हाय ते. चारला बोलावलंतं, तू चारला आलास. येळ पाळायला तरी शिकलास.

तू खाटंवर पडून वाचत असशील म्हणून सगळं लिवते, कारण अण्णाला तू वेगळंच सांगितलंयस. संयोगिता सोप्यात भिंतीला धरून चालत हुती. वाकून. दोन्ही नळ्या कमरेला बांधलेल्या. पोरं अक्काकडंच हुती, तेवढं एक चांगलं. मी गोठ्यातनं संध्याकाळची धार घेऊन आले, भरलेली पाच लिटरची किटली हातात. तुला दारात बघून, खरं सांगते, पहिला मला आनंदच झाला. चेहरा उतरलाय, असं मनात आलं.

तू म्हणालास, "कुणाला दाखवायला केलंस हे?"

तिनं भिंत आणखी घट्ट धरली.

"माझ्याशी बोलताना सरळ उभी ऱ्हा."

ती म्हणली, "ऱ्हाता येत न्हाय."

तू तिचा बुचडा धरलास आणि तिला सरळ केलंस. डावी नळी निसटली. पातळ रक्त तिच्या पायावरनं फरशीवर आलं. ती वरडली न्हाय विजू, वरडलं तरी टाके तुटत्यात हे तिला ठाऊक हुतं. दात खाऊन उभी राहिली. आणि तुझा पाय उचलला. तो उचलायचा ढंग मी दोनदा बघितलाय, एकदा गोठ्यात, एकदा परड्यात खालनं.

मग मी किटली फिरवली. पहिली गुडघ्यावर. ऊस मोडल्यागत आवाज झाला. तू वाकलास तशी दुसरी तोंडावर. दूध भिंतीला, देव्हाऱ्याला, सगळीकडं. तू खाली पडलास, आणि मी तिसरी हाणली. तिसरी गरजेची न्हवती. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिवू, पन्नास वर्सांत एवढं बरं वाटलं न्हवतं. मग तू "आई" म्हणालास आणि हात गळाला.

संयोगिताला त्याच गाडीवाल्यानं दवाखान्यात नेलं. नारळवाल्यानं. एका जागी शिवण उसवलीती, ती परत घातली, नळी परत लावली. आतल्या फळ्या शाबूत हाईत. डॉक्टरीणबाईनं इचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "माझ्या पोरानं मारलं. आणि ते जुनं दोनदाचं लिवलंय न्हवं, तेबी त्यानंच. तिथली म्हस खोडा." तिनं पेन हातात धरून माझ्याकडं लई येळ बघितलं, मग खोडलं.

तू दवाखान्यात सांगितलंस म्हणं, गाडीवरनं पडलो. गुडघ्याची वाटी फुटलीया, वरचे तीन दात गेल्यात, आणि गाडीवरनं पडलो. लाज वाटली व्हय, म्हातारीनं मारलं सांगायला? तीबी अशीच गप बसलीती. तिला तर मी गप बसवलंतं. पोलीस पाटील आला त्याला मी सांगितलं, मी मारलं, किटली हीच. त्यानं चेपलेली किटली उलटीपालटी करून बघितली आणि म्हणला, "मावशी, जपून रावा."

आता जे लिवायला जड जातंय ते. दवाखान्यातनं आल्यावर संयोगिता म्हणली, "त्यांना दिवस, येळ कुणी सांगितली?"

मी म्हटलं, "मी."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाय. उठता येत न्हाय म्हणून माझ्या हातनं खात हुती, माझ्या हातनं फुगा मोकळा करून घेत हुती, पण डोळं माझ्याकडं न्हाईत. विजू, तुला तीनदा हाणली ते मला जड न्हाय. ते तीन दिवस जड गेले.

मी २० तारखेला कोर्टात जाणार हाय. काय सांगणार ते तुला आधी सांगते, तुझ्या वकिलाला सांग.

आई

२१ जानेवारी

काल तू कुबड्या घेऊन समोर बसलेलास. तोंड सुजलेलं उतरलंय, दात मात्र बसवून घे, बोबडं येतंय.

तू हुतासच, पण तुझ्या वकिलाच्या पाठीआड असल्यानं तुला सगळं दिसलं नसंल. त्यानं मला इचारलं, "आजी, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तवा."

"मग आत्ता खरं बोलताय कशावरून? मुलाला तुम्हीच मारलंत. तुमचा राग आहे त्याच्यावर."

मी म्हटलं, "साहेब, राग असता तर तवाच खरं सांगितलं असतं. माया हुती म्हणून खोटं बोलले. घर त्याच्या नावावर हाय, मला उद्या तो भाईर काढंल. तरी सांगतीया."

मग म्हणला, "लाथ नक्की कशी मारली, ते सांगा." त्याला वाटलं म्हातारी गोंधळंल. मी पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या, समोरच्या खुर्चीकडं नेम धरला आणि मारून दाखवली. एकदा. खुर्ची जाऊन कपाटावर आदळली, कारकून उठून उभा राहिला. जज्जसाहेब म्हणले, "बाई, बसा खाली." मी म्हटलं, "साहेब, दुसरी व्हायची हाय अजून." ते म्हणले, "राहू द्या, कळलं." कुणी हसलं न्हाय. सत्तरीच्या बाईनं खुर्ची लाथाडली आणि भरल्या कोर्टात एक माणूस हसलं न्हाय. मला कसं वाटलं ते तुला सांगता येणार न्हाय.

पोरांचा निकाल पुढच्या तारखेला. वकीलबाई म्हणती, पोरं आईकडंच ऱ्हातील. तू अपील कर न्हायतर काही कर.

भाईर आलो तर संयोगिता पुढं चाललेली. सरळ. पट्टा हाय अजून, पण खांदं मागं, मान वर, पाटलाच्या घोडीवाणी. मी मागनं बघून हरखले. पायऱ्यांपाशी ती थांबली आणि वळली. मला वाटलं, आता चांगलं काहीतरी बोलंल. म्हणली, "आत्ती, तीन वर्सं उशीर केलासा."

मी म्हटलं, "व्हय."

ती कोल्हापुरात खोली बघतीया, पोरांची शाळा बघतीया, हे मला अक्काकडनं कळलेलं. माझं काय ते तिनं सांगितलेलं न्हाय आणि मी इचारलेलं न्हाय. म्हटलं, आता हिथंच सुटायचं. मी आपली एसटीच्या स्टँडाकडं वळले.

"तिकडं कुठं?" ती म्हणली. "रिक्षा थांबलीया."

ती आधी चढली आणि मला घ्यायला हात पुढं केला. वजन वढायला तिला अजून नऊ दिवस बंदी हाय, म्हणून मी तो धरला न्हाय. दांडीला धरून माझी मी चढले. ती सरकून बसली.

आई